फडक्याचा प्रयोग

"बाई, भाकरीला केस आलेत."

वैभवने हे सांगितलं तेव्हा मी हजेरी घेत होते. मान वर करून बघितलं तर अख्खी चौथी खिडकीपाशी जमली होती. खिडकीवर मी एक सुतळी बांधली होती आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तिला सोळा प्लास्टिकच्या पिशव्या टांगल्या होत्या. पंधरा पिशव्यांत ब्रेडचा एकेक तुकडा होता. सोळावीत भाकरीचा.

"केस नाहीत ते," मी म्हणाले. "बुरशी आहे. सरका जरा, मला बघू द्या."

ब्रेडच्या तुकड्यांवर कुठे काहीच नव्हतं, कुठे मोहरीएवढा हिरवा ठिपका. भाकरी मात्र ओळखू येत नव्हती. राखाडी-काळ्या लवेने ती पुरती झाकून गेली होती आणि पिशवीला आतून पाण्याचे थेंब जमले होते. पिशवीवर चिठ्ठी होती, माझ्याच अक्षरातली. शुभांगी सपकाळ.

शुभांगी सगळ्यांच्या मागे उभी होती. पुढे यायला तिला कुणी जागा दिली नव्हती आणि तिनेही मागितली नव्हती.

"बाई, ही आमची?" तिने विचारलं.

"हो."

"फडक्यामुळं?"

"फडक्यामुळं," मी म्हणाले.

पाटण तालुक्यातल्या तळीवाडीच्या दोनशिक्षकी शाळेत मी तेव्हा तिसरी आणि चौथी शिकवत होते. दोन हजार सहा साल. पहिली-दुसरी मुख्याध्यापक निकम गुरुजींकडे. त्या वर्षी श्रावणात अर्धा वर्ग जुलाबांनी आजारी पडला. मुलं परत आली ती गालफडं बसलेली, आणि मी ठरवलं की पुस्तक आठवडाभर मिटून ठेवायचं आणि फक्त स्वयंपाकघर शिकवायचं. पिण्याच्या पाण्यात पेला बुडवायचा नाही, डोयाने घ्यायचं. भाजी चिरायच्या आधी धुवायची, नंतर नाही. उरलेलं अन्न झाकायचं, पण गरम असताना गच्च झाकायचं नाही. हे सगळं मी फळ्यावर लिहून दिलं नाही, मुलांकडूनच काढून घेतलं. तुमच्या घरी काय करतात ते सांगा म्हटल्यावर मुलं कशी सुटतात, हे शिकवणाऱ्यांना माहीत असतं.

"आमची आजी एकाच फडक्यानं आधी चूल पुसती, मग ताट."

"आमच्यात पप्पा सायकल पुसत्यात त्यानं."

"सायकल पुसून झाल्यावर मम्मी काय करते?"

"पप्पांना शिव्या देती. मग त्यानंच भाकरी गुंडाळती."

वर्ग हसून हसून लोळला. त्या हसण्यातूनच मला प्रयोग सुचला. ब्रेडचा तुकडा घ्यायचा, आई ज्या फडक्याला हात पुसते त्यावर दोन्ही बाजूंनी घासायचा, पिशवीत घालायचा, तोंड बांधायचं आणि शाळेत आणायचा. पाच दिवसांनी बघायचं. गावातल्या दुकानात पाटणहून पाकिटातला ब्रेड यायचा, तो दोन-तीन घरांत मिळून एक घ्या म्हणाले.

शुभांगीने हात वर केला होता. "बाई, ब्रेड नसंल तर?"

"मग भाकरी आण. तेच ते."

शुभांगीची आई शालन आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. शाळेच्या मागच्या पडवीत तिची चूल होती. सकाळी नऊला ती तांदूळ निवडायला बसायची, आणि निवडताना मूठभर घेऊन एकेक दाणा बघायची, जसा काही त्यातला प्रत्येक दाणा तिच्या ओळखीचा आहे. मीठ बघायचं तर पळीने तळहातावर थेंब घ्यायची. मी स्वतः दोन वर्षं तिच्या हातचं खात होते आणि मला कधी काही झालं नव्हतं. हे मला पिशव्या बघितल्या त्या शुक्रवारी आठवायला हवं होतं.

त्याच दिवशी दुपारी पालकसभा होती. मुलांचं काम आयांनी बघावं म्हणून पिशव्या मी तशाच ठेवल्या. चिठ्ठ्या काढल्या नाहीत. खरं सांगायचं तर काढाव्यात असं मनातही आलं नाही. मुलाचं काम असलं की त्यावर मुलाचं नाव लिहायचं, ही माझी जुनी सवय. चित्र असो, मातीचा बैल असो, नाव हवं.

बायका रांगेने सुतळीपुढून गेल्या. आपापल्या पोराची पिशवी शोधायची, ठिपका बघायचा, शेजारणीला कोपरखळी मारायची. सोळाव्या पिशवीपाशी रांग थांबली.

"अगं बया. ही कुणाची?"

"वाच की. सपकाळ."

"शालनची? खिचडीवाल्या शालनची?"

खिडकीतून मागची पडवी दिसायची. शालन नळावर खिचडीचं मोठं पातेलं घासत होती. ती सभेला आली नव्हती, कारण सभेचा चहा तिलाच करायचा होता.

शाळा समितीचे अध्यक्ष हणमंत आण्णा पुढे आले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पिशवी जवळून बघितली.

"बाई, तुमचं शास्त्र काय म्हणतं ह्याला?"

"फडकं रोज धुवावं. आठवड्यातून एकदा उकळावं."

"ते झालं. पण ह्या सोळा घरांत शालनचंच फडकं सगळ्यात घाण, असंच ना?"

मी बायकांकडे बघितलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पालकसभेत एरवी माझं बोलणं चालू असताना निम्म्या बायका वाती वळत असत.

"तसं दिसतंय खरं," मी म्हणाले.

"म्हंजे आमची पोरं जुलाबानं मेली असती तर कुणामुळं, ते आता कळलं," आण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. तेवढ्यात शालन चहाचं भगुनं घेऊन दारात आली. एकाही बाईने कप उचलला नाही. निकम गुरुजींनी घेतला, पण ओठाला लावून खिडकीत ठेवून दिला.

शनिवारी मुलांनी घरून डबे आणले. पातेल्यात अर्ध्याहून जास्त खिचडी उरली.

रविवारी दुपारी शालन माझ्या खोलीवर आली. मी गावातच एका माडीवर भाड्याने राहत होते. शुभांगी बरोबर होती. ती उंबऱ्यावर बसली. शालन आत आली पण बसली नाही.

"बाई, तुमी मला शिकवा," ती म्हणाली.

"काय शिकवू?"

"हात कसं धुत्यात. फडकं कसं धुत्यात. तुमी पोरांना शिकिवलं तसं. समितीची मीटिंग हाय येत्या शनवारी. आण्णा म्हनलं, तवर बगू. तवर सुदारलं तर ऱ्हाईल काम."

"शालनबाई, तुम्ही हात धूतच असाल की."

"धुती. चुलीम्होरं बसायच्या आदी धुती, उठल्यावर धुती. पर तुमच्या पिशवीत दिसलं म्हंजे कायतरी ऱ्हात आसंल." ती उंबऱ्याकडे बघून हळू आवाजात पुढे म्हणाली, "काल रातच्याला हिनं ताट परत धुतलं. मी धुतल्यालं. मग जेवली न्हाईच. पोट दुकतंय म्हनली. काम गेलं तर रोजगाराला जाईन, बाई. पर पोरगी माज्या हातचं खाईना झाली तर मी कुटं जाऊ?"

मी तिला मोरीपाशी नेलं. मला आनंद झाला होता, हे आता लपवून काय करू. बावीस वर्षं मी मुलांना शिकवत आले होते. एक मोठी बाई आपण होऊन शिकायला आली होती. मी तिचे हात हातात घेतले आणि पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं शिकवलं. आधी तळवे, मग हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, मग अंगठा. अंगठा सगळे विसरतात. मग नखं तळव्यावर घासायची. तिची नखं बारीक कापलेली होती आणि त्यांत काही नव्हतं. मला तिथेच थांबता आलं असतं. मी पुढे फडक्यावर गेले.

"दोन फडकी ठेवायची. एक हात पुसायला, एक भांडी उतरायला. रोज धुवायची, उन्हात वाळवायची. आत्ता ऊन नाही, तर धुण्याचा सोडा घालून उकळायची."

"उकळून किती येळ?"

"दहा मिनिटं चांगली खळखळू द्या."

"आन हाताला सोडा लावला तर आजून चांगलं का?"

"चालेल थोडा," मी म्हणाले.

उंबऱ्यावरून शुभांगीने विचारलं, "बाई, फडकं उकळलं की भाकरीला केस येणार न्हाईत?"

"येणार नाहीत."

"नक्की?"

"नक्की. करून बघ."

ही माझी ठेवणीतली वाक्यं. मुलांनी ऐकून मान डोलावू नये, करून बघावं, असं मी कायम म्हणत आले. म्हटलं की बरं वाटतं.

तो आठवडा शालनने एकही गोष्ट सोडली नाही. पडवीत तिने तारेवर दोन फडकी टांगली, एक पांढरं आणि एक निळं. मुलांच्या देखत हात धुवायला लागली, मोठ्याने मोजत, म्हणजे त्यांनी बघावं. सोड्याने बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, गुरुवारी अंगठ्याजवळ चीर पडली. मुलं बघत, आणि डबे उघडत. दोघं-तिघं सोडले तर खिचडी कुणी घेतली नाही.

"होईल हळूहळू," मी तिला म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "शनवारपातूर झालं म्हंजे झालं."

शुक्रवारी निकम गुरुजी केंद्रशाळेतून उड्या मारतच आले. केंद्रप्रमुख साहेबांनी आमच्या प्रयोगाबद्दल ऐकलं होतं. शनिवारी सकाळी ते स्वतः बघायला येणार होते, आणि पसंत पडलं तर तालुक्याच्या उपक्रमांत आमचं नाव जाणार होतं. गुरुजींनी रंगीत खडू काढले. फळ्यावर मथळा लिहिला आणि खाली माझं नाव. माझं नाव फळ्यावर दुसऱ्या कुणी लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

शनिवारी सकाळची शाळा. मी साडेसहालाच कुलूप काढलं. शुभांगी पायरीवर बसली होती. पदराच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी तिने मांडीवर धरलं होतं.

"इतक्या लवकर?"

"बाई, मी करून बघितलं."

तिने गाठ सोडली. तीन पिशव्या होत्या. तिने त्या माझ्या टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या.

"ही पहिली. हिच्यात ब्रेड हाय. वैभवनं दिलता एक तुकडा, त्याच्याच पाकिटातला. उकळलेल्या फडक्यावर घासला." ब्रेड जवळजवळ कोरा होता. कडेला एक ठिपका.

"ही दुसरी. हिच्यात भाकरी. ती पण उकळलेल्याच फडक्यावर." भाकरी काळी पडली होती, पहिल्या वेळेसारखीच.

"आणि ही?"

"ही पण भाकरी. ही कशालाच न्हाई घासली. आईनं तव्यावरनं उतरवली, मी चिमट्यानं धरली आन पिशवीत घातली. हात बी न्हाई लावला." तिसऱ्या पिशवीतही तशीच दाट लव होती. कुठली दुसरी आणि कुठली तिसरी, हे चिठ्ठी बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं. चिठ्ठ्यांवर तिने तिच्या गोल अक्षरात 'फडके' आणि 'फडके नाही' एवढंच लिहिलं होतं.

"नाव नाही घातलंस?"

"नावाचं काय काम हाय त्यात?" ती म्हणाली. "बाई, भाकरीला आपोआपच येतात. फडक्याचं न्हाईच ते. ब्रेडला येत न्हाईत, त्यात कायतरी घालत असतील दुकानवाले. आमचा ब्रेड नव्हता म्हणून आमची पिशवी काळी झाली. आईचं फडकं बाकीच्यांसारखंच हाय. हाय ना?"

मी तिन्ही पिशव्यांकडे बघत राहिले. पाकिटातला ब्रेड टिकावा म्हणून त्यात औषध घालतात, हे मला माहीत होतं. घरच्या भाकरीत पीठ, पाणी आणि मीठ सोडून काही नसतं, हेही माहीत होतं. भाद्रपदातल्या दमट हवेत माझ्या स्वतःच्या डब्यातली भाकरी तिसऱ्या दिवशी फेकावी लागायची. सगळं माहीत होतं. "तेच ते" असं म्हणताना यातलं काहीच आठवलं नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीने तीन पिशव्यांत माझी चूक मांडून दाखवली होती, तीही मीच शिकवलेल्या रीतीने.

"आहे," मी म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

तिचा चेहरा उजळला. "मग आज मीटिंगमध्ये सांगायचं ना? मी सांगू का तुमी सांगताय?"

बाहेर निकम गुरुजींची सायकल वाजली. ते हातात हार घेऊन आले. त्यांनी टेबलाकडे बघितलं.

"हे काय आणखी? उचला, उचला. साहेब निघालेत पाटणहून."

"शुभांगी," मी म्हणाले, "हे फार चांगलं काम केलंस तू. पण आज पाहुणे आहेत. हे आपण नंतर नीट सांगू. आत्ता कपाटात ठेवू या."

"मीटिंगच्या आदी सांगायचं ना?"

"बघू."

तिने पिशव्या स्वतःच्या हाताने कपाटात ठेवल्या. कडी मी लावली.

साहेब साडेनऊला आले. मनमिळाऊ माणूस. जवळ वाकून प्रत्येक पिशवी बघितली, मुलांना प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतलं. बावीस वर्षांत माझं बोलणं कुठल्या अधिकाऱ्याने लिहून घेतलं नव्हतं. त्यांच्यामागे हणमंत आण्णा आणि समितीची आणखी तीन माणसं हाताची घडी घालून उभी होती. साहेबांबरोबर चहा घेऊन ते लगेच मीटिंगला बसणार होते.

"हा निष्कर्ष मुलांनी काढला?" साहेबांनी विचारलं.

"होय साहेब. मुलांनीच."

"वा. आणि ही काळी पिशवी?"

"त्या घरी फडकं... तेव्हा उकळत नव्हते," मी म्हणाले.

"उत्तम. प्रत्यक्ष पुरावा." साहेब वर्गाकडे वळले. "बाळांनो, तुमच्या बाईंनी छान शिकवलंय. या प्रयोगाबद्दल आणखी कुणाला काही सांगायचंय?"

शुभांगी दुसऱ्या रांगेत होती. ती उभी राहिली. तिने साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. कपाट माझ्या पाठीशी होतं.

मी हाताने तिला खाली बस अशी खूण केली. कुणाच्या लक्षात येणार नाही एवढी. एखादं मूल मध्येच बोलायला उठलं की आम्ही रोज करतो तशी.

ती बसली.

"बोल ना बाळ," साहेब म्हणाले.

"काय न्हाई," शुभांगी म्हणाली.

मीटिंग दहा मिनिटांत आटोपली. मी तिथे होते. इतिवृत्त मीच लिहीत असे. आण्णांनी विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?" मी म्हणाले की शालनबाई आता फार प्रयत्न करतायत, त्यांना आणखी थोडा वेळ द्यावा. असं बोलल्याने ती घाण होती हे मी कबूलच करून टाकलं, हे मला लिहिता लिहिता कळलं. तरीही लिहीत राहिले. शालनला काढून आण्णांच्या भावजयीला सोमवारपासून ठेवायचं, असा ठराव झाला. साहेबांची जीप तोवर खिंडीपर्यंतही पोचली नसेल.

सगळे गेल्यावर मी निकम गुरुजींना कपाट उघडून दाखवलं. त्यांनी तिन्ही पिशव्या उजेडात धरून बघितल्या. वाईट माणूस नव्हता तो.

"कधी आणल्या तिने?"

"सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

"मग बाई, तुम्ही..." एवढं म्हणून ते थांबले. पिशव्या खाली ठेवून म्हणाले, "आता ठराव झालाय. पुढच्या महिन्यात विषय काढू."

पुढच्या महिन्यात मी विषय काढला. आण्णा म्हणाले, नवी बाई चांगली शिजवते, पोरं खातात, कशाला ढवळायचं. मुलं खरंच खात होती.

त्या शनिवारी संध्याकाळी मी शालनच्या घरी गेले. एक खोली, कोपऱ्यात चूल, आणि चुलीवर आडव्या दोरीला ती दोन फडकी. शालन भाकऱ्या थापत होती. शुभांगी तिच्याजवळ बसून जेवत होती, तव्यावरून उतरलेली गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तिला जेवताना बघून मला जरा धीर आला, आणि लगेच कळलं की याच्यात माझा काही वाटा नाही. आईचे हात स्वच्छ आहेत, हे तिचं तिने शोधून काढलं होतं.

मी शालनला सगळं सांगितलं. कशाला कशी बुरशी येते, माझं कुठे चुकलं, सकाळी तिच्या मुलीने काय आणून दाखवलं, आणि मी ते कुठे ठेवलं. काहीच राखून ठेवलं नाही. ती भाकरी थापत ऐकत होती. थापणं थांबवलं नाही तिने.

"मग मी आट दीस सोड्यानं हात धुतलं ते?" तिने विचारलं.

मी दोरीवरच्या त्या दोन फडक्यांकडे बघितलं.

"तुमी शिकिवलं तसं धुतलं, बाई. अंगठासुदीक." तिने पिठाचा हात उलटा करून दिव्याकडे धरला. चिरेत पीठ भरलं होतं. "आता उद्यापास्नं न्हाई धुतलं तर चालंल का?"

"सोडा नको," मी म्हणाले. "साबणाने धुवा. खोबरेल लावा त्या चिरेला."

शालन हसली. मोठ्याने नाही. "तुमी शिकवायचं काय सोडत न्हाई."

"शालनबाई, मी समितीला सांगेन. गावाला सांगेन."

"सांगा. गाव काय ऐकनार. आण्णाच्या भावजयीला काम पायजेच हुतं, त्येनी कायतरी सोदलंच असतं. निमित्त तुमी दिलं येवडंच." तिने भाकरी तव्यात टाकली आणि वरून पाणी फिरवलं. "माजं मी बगीन. माळावर रोपवाटिका हाय, तितं बाया घेत्यात. माजं न्हाई मला काय वाटत. पर ही सा दीस पिशव्या उशाला घिऊन झोपली, बाई. मला दावल्या बी न्हाईत. आदी बाईंना दावती म्हनली."

शुभांगीने ताटातून मान वर केली नाही.

"शुभांगी," मी म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मी चुकले."

"व्हय बाई."

"मी तुला बसवायला नको होतं."

"साहेब आले होते न्हवं," ती म्हणाली. माझी बाजू तिनेच मांडली, इतकी सहज.

सोमवारी मी वर्गात तिन्ही पिशव्या बाहेर काढल्या. मुलांना सगळं सांगितलं. भाकरी आणि ब्रेड शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. ते शुभांगीच्या लक्षात आलं. वैभव म्हणाला, "मग शालनकाकू परत येणार का?" मी म्हणाले, ठराव झालाय. ठराव म्हणजे काय, असं दुसऱ्या एकाने विचारलं, आणि मी ते समजावून सांगितलं. मग फळ्यावर नवा निष्कर्ष लिहिला आणि मुलांना आपापल्या शब्दांत उतरवून घ्यायला सांगितलं.

मधल्या सुट्टीत वह्या तपासल्या. शुभांगीने तीन ओळी लिहिल्या होत्या. गोल, नीट अक्षर. 'भाकरीला ब्रेडपेक्षा लवकर बुरशी येते. त्यावरून फडके घाण आहे असे म्हणता येत नाही. असे बाईंनी सांगितले.'

मी तिला जवळ बोलावलं. "हे मी नाही सांगितलं. हे तू शोधलंस. शेवटची ओळ खोड आणि 'मी करून बघितले' असं लिही."

"ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "असंच बरं हाय."

"का गं?"

ती वहीसाठी हात पुढे करून उभी राहिली. पडवीतून नव्या बाईच्या खिचडीचा वास येत होता आणि मुलं ताटं वाजवत होती. तिच्या तीन ओळींत चूक अशी एकही नव्हती. मी खाली बरोबरची खूण केली, तारीख घालून सही केली आणि वही तिच्या हातात दिली.